आवडलेली ध्वनिमुद्रिका दुसऱ्यास कशी सुचवावी ?

जी वस्तु आपणांस मनापासून आवडली ती दुसऱ्यास दाखविल्यावांचून मनुष्यास चैन पडत नाहीं. आंबा गोड लागला तर त्याची फोड आपण शेजाऱ्यापुढें करितों; पुस्तक आवडलें तर तें मित्राच्या हातीं देतों. गाण्याची गोष्टहि तशीच आहे. परंतु आंब्याची फोड जिभेवर पडतांच आपली शिफारस आपणच करिते. गाण्याचें तसें नाहीं. तें ऐकावयास वेळ लागतो, आणि कित्येकदां कसें ऐकावें हें कोणी सांगितल्यावांचून त्याची गोडीच कळत नाहीं. म्हणून शास्त्रीय संगीताच्या आवडत्या ध्वनिमुद्रिका एकमेकांस सुचविणें ही गोष्ट दिसते तितकी सोपी नसून मोठ्या जबाबदारीची आहे. ती जबाबदारी कोणती, याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. ओघानें आमची स्वतःची एक चूकहि सांगावी लागेल.

आजच्या मुलांस ध्वनिमुद्रिकांची उणीव मुळींच नाहीं. खिशांतील मोबाइलवर बोट ठेवितांच शंभर वर्षांपूर्वींचा गवई गाऊं लागतो. ग्रामोफोनच्या काळीं गांवांत एखाद्याच घरीं तें यंत्र असे. प्लेटा मोजक्या असत, आणि त्याच त्या फिरून फिरून ऐकिल्यामुळें घरांतील लहान मुलांसहि त्या तोंडपाठ होत. आतां गाण्यांचा पूर आला आहे. आणि पुरांत सांपडलेल्या मनुष्यास पाण्याचा तुटवडा नसला तरी पिण्याचें पाणी मिळणें कठीणच असतें. एक गाणें अर्धें ऐकून दुसरें, दुसरें अर्धें सोडून तिसरें, असा प्रकार आम्ही रोज पाहतों. अशा वेळीं विश्वासू मनुष्यानें केलेली शिफारस पूर्वींपेक्षां अधिक मोलाची झाली आहे.

प्रथम ध्वनिमुद्रिका म्हणजे काय हें थोडक्यांत पाहूं. थॉमस एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ तयार केला, तेव्हां मनुष्याचा आवाज सांठवून पुन्हां ऐकविणें प्रथमच शक्य झालें. त्यानंतर दहा वर्षांनीं, १८८७ सालीं, एमिल बर्लिनर यानें नळकांड्याऐवजीं सपाट तबकडीची युक्ति काढिली व ग्रामोफोनचा जन्म झाला. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यांत फ्रेड गायसबर्ग नांवाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास होता. तेथें त्यानें गौहरजान या विख्यात गायिकेचें गाणें मुद्रित केलें. त्या वेळीं मायक्रोफोन नव्हता. गाणाराला एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं उभें राहून जोरानें गावें लागे. त्या आवाजाच्या धक्क्यानें कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाची सुई हाले व मेणाच्या तबकडीवर रेषा कोरी. ती तबकडी जर्मनींतील हॅनोव्हर येथें पाठवीत, व तेथील कारखान्यांत तिजवरून विकावयाच्या प्लेटा तयार होत. गाणें संपतां संपतां गौहरजान इंग्रजींत आपलें नांव सांगते, तें ऐकून आमच्या विद्यार्थ्यांस हसूं येतें. परंतु कोणती तबकडी कोणाची हें परदेशच्या कारागिरांस ओळखतां यावें म्हणून तसें करीत, असें सांगितलें म्हणजे तें हसूं मावळतें, व तींच मुलें तो शेवटचा उच्चार लक्ष देऊन ऐकूं लागतात. पाहा, गाण्यांत कांहींच बदललें नाहीं. एक गोष्ट समजली आणि कान मात्र बदलला.

७८ फेऱ्यांची दहा इंची प्लेट एका बाजूस सुमारें तीन मिनिटें चाले. मैफलींत एक राग तासभर आळविणाऱ्या गवयास तोच राग तेवढ्या वेळांत बसवावा लागे. कित्येकांस हें रुचलें नाहीं. ज्यांनीं तें मान्य केलें त्यांस काय गावें यापेक्षां काय गाळावें याचाच विचार अधिक करावा लागला. १९२५ सालापासून विजेच्या साहाय्यानें मुद्रण होऊं लागलें, व हळुवार आवाजहि तबकडींत उतरूं लागला. १९४८ सालीं अमेरिकेंत मिनिटास सव्वातेहेतीस नव्हे, नेमक्या सांगावयाच्या तर तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची लांब चालणारी तबकडी निघाली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. म्हणून कोणतीहि ध्वनिमुद्रिका ऐकण्यापूर्वीं ती केव्हां व कोणत्या मर्यादेंत तयार झाली हें विचारावें. तीन मिनिटांच्या प्लेटेंत मैफलीचा विस्तार शोधणें म्हणजे पोस्टकार्डांत कादंबरी शोधणें होय. मात्र पोस्टकार्डावरहि काळजाचा ठोका चुकविणारा मजकूर मावतो, हें ज्यांस अशीं पत्रें आलीं आहेत त्यांस सांगावयास नको. जुन्या प्लेटेंतील खरखरीविषयींहि एवढेंच सांगतों कीं, ती खिडकीच्या कांचेवरील धुळीसारखी आहे. दृष्टि बाहेरच्या झाडावर ठेविली म्हणजे धूळ दिसेनाशी होते.

अशा पोस्टकार्डाचें उदाहरण म्हणून आम्ही खांसाहेब अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) यांची झिंझोटी रागांतील ठुमरी सुचवितों. ती ‘पिया बिन’ या शब्दांनीं सुरू होते. खांसाहेब किराणा गांवचे. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग महाराष्ट्र-कर्नाटकांत गेला व मिरज हें त्यांचें गांवच झालें. या ठुमरींत शब्द थोडे आहेत, आणि तेच फिरून फिरून येतात. विद्यार्थ्यांनीं एवढेंच पाहावें कीं, शब्द तेच असतां प्रत्येक वेळीं गवई निराळ्या वाटेनें त्यांजपाशीं येतो. आवाज बारीक व उंच आहे. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर जातांना तो कोठेंहि तुटत नाहीं. रेशमाचा धागा बोटांवरून ओढावा तसा तो जातो. खांसाहेबांची ही प्लेट भीमसेन जोशी यांनीं बालपणीं एका दुकानांत ऐकिली, व तसें गातां यावें या ध्यासानें पुढें गुरूच्या शोधार्थ घर सोडिलें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांस अखेर गुरु लाभले ते सवाई गंधर्व, म्हणजे खांसाहेबांचेच शिष्य. ज्या दुकानदारानें ती प्लेट लाविली त्यास आपण कोणास काय सुचवीत आहों याची कल्पनाहि नसेल.

आतां पाश्चात्त्य संगीताकडे वळूं. तेथें रचनाकार आपली कृति स्वरलिपींत लिहून ठेवितो, म्हणून कित्येकांस वाटतें कीं ती कोणीहि वाजविली तरी एकच. ही समजूत दूर करावयास एक चांगलें साधन आहे. योहान सेबास्टियन बाख याची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही कृति १७४१ सालीं छापली गेली. तिच्यांत आरंभीं एक शांत चाल आहे; तिच्या पायावर रचिलेलीं तीस रूपें मागोमाग येतात, व शेवटीं पुन्हां तीच चाल येते. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड यानें ही कृति १९५५ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, न्यूयॉर्क येथें ध्वनिमुद्रित केली. आणि १९८१ सालीं त्याच शहरांत फिरून केली. पहिलें ध्वनिमुद्रण सुमारें साडेअडतीस मिनिटांचें आहे, दुसरें एक्कावन्न मिनिटांचें. दुसऱ्या वेळीं त्यानें कांहीं भाग दोनदां वाजविले हें खरें. पण तेवढ्यानेंच अंतर पडलेलें नाहीं. आरंभीची चाल पहिल्या खेपेस दोन मिनिटांच्या आंत संपते. दुसऱ्या खेपेस तिला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. पहिल्यांत तरुण मनुष्य जिना धांवत चढतो आहे. दुसऱ्यांत तोच मनुष्य प्रत्येक पायरीवर थांबून मागें वळून पाहतो आहे. दुसरी तबकडी १९८२ च्या सप्टेंबरांत बाहेर पडली, आणि ४ ऑक्टोबर १९८२ रोजीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, गूल्ड मरण पावला. स्वर तेच, वाजविणाराहि तोच. निराळें आहे तें मधलें सव्वीस वर्षांचें आयुष्य. म्हणून “बाखची अमुक कृति ऐक” एवढें सांगणें पुरेसें नाहीं. कोणीं व केव्हां वाजविलेली, हेंहि सांगितलें पाहिजे.

याच ध्वनिमुद्रिकेपायीं आमची ती चूक घडली. कांहीं वर्षांपूर्वीं नववींतील एका होतकरू विद्यार्थ्यास आम्हीं वीस ध्वनिमुद्रिकांची यादी दिली. तिच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘सर्वोत्कृष्ट’ असें लिहिलें, व सर्व ऐकून ये, अशी आज्ञा केली. पंधरा दिवसांनीं विचारिलें, तेव्हां तो म्हणाला, “फार छान आहेत, सर.” आम्हांस धन्यता वाटली. पुढें पालकांच्या सभेस त्याची आई आली, ती म्हणाली, “सर, तो रोज रात्रीं कानांत तें घालून बसतो खरा, पण त्याचा चेहरा गणिताच्या पेपराला बसल्यासारखा असतो. त्यानें कांहीं चुकविलें आहे का ?”

आम्हीं मुलास एकट्यास बोलाविलें व म्हटलें, “अरे, खरें सांग, त्यांतलें तुला काय आवडलें ?” तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, मला कांहींच कळलें नाहीं. पण तुम्हीं सर्वोत्कृष्ट लिहिलें होतें ना ?”

तें ऐकून आम्ही मनांत खजील झालों. सरळ मनाच्या मुलास आम्हीं त्याच्याच कानांविषयीं खोटें बोलावयास लाविलें होतें. जें आवडलें नाहीं तें आवडलें म्हणावें, कारण थोरांनीं तसें लिहिलें आहे, हा धडा आम्हीं न शिकवितां शिकविला होता. आणि असा धडा केवळ संगीतापुरता राहत नाहीं. त्याच दिवशीं आम्हीं ती यादी फाडून टाकिली. मग दोघांनीं मिळून गूल्डनें वाजविलेली ती आरंभीची चाल, आधीं १९५५ ची व लागलीच १९८१ ची, ऐकिली. आम्हीं एवढेंच विचारिलें, “दुसऱ्या वेळीं काय निराळें झालें ?” मुलानें कपाळाला आंठ्या घातल्या व म्हणाला, “सर, मागें कोणी तरी गुणगुणतो आहे.” आम्हीं पुन्हां लावून कान देऊन ऐकिलें. खरोखरच गूल्डला वाजवितांना गुणगुणण्याची संवय होती, व ती त्याच्या ध्वनिमुद्रणांत उतरली आहे. आम्ही ती तबकडी पंधरा वर्षें ऐकत आलों होतों. पण त्या आवाजाकडे आमचें लक्ष कधींच गेलें नव्हतें. यादीनें जें साधलें नाहीं तें एका प्रश्नानें साधलें, आणि शिकविणारा शिकून गेला.

आतां जगांतील सर्वांत दूर गेलेल्या शिफारशीची गोष्ट सांगतों. १९७७ सालीं, म्हणजे एडिसनच्या फोनोग्राफला शंभर वर्षें झालीं त्याच सालीं, अमेरिकेनें ‘व्हॉयेजर’ नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडिलीं. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारा इंची तबकडी बसविलेली आहे. पुढें केव्हां तरी कोणा अज्ञात प्राण्यांच्या हातीं हें यान लागलें, तर पृथ्वीवर कोण राहत होतें हें त्यांस कळावें, असा हेतु. तिच्यांत पंचावन्न भाषांतील अभिवादनें आहेत, व त्यांत आपल्या मराठीचेंहि आहे. शिवाय सुमारें नव्वद मिनिटांचें संगीत आहे. शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या प्रमुखत्वाखालील एका मंडळानें ही निवड केली. साऱ्या पृथ्वीच्या संगीतांतून नव्वद मिनिटें ! शेवटीं सत्तावीस तुकडे निवडले गेले. त्यांत बाखचे तीन, बीथोव्हनचे दोन, आणि हिंदुस्थानी संगीताचा एक. तो एक म्हणजे केसरबाई केरकर यांनीं गाइलेली ‘जात कहां हो’ ही भैरवी.

केसरबाई (१८९२–१९७७) मूळच्या गोव्यांतील केरी गांवच्या, व अल्लादिया खांसाहेबांच्या शिष्या. त्यांची ही भैरवी रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीतशास्त्रज्ञानें मंडळास सुचविली. “कांहीं तरी हिंदुस्थानी घ्या” असें तो म्हणाला नाहीं. हीच गायिका, हेंच गाणें, हेंच ध्वनिमुद्रण, असें त्यानें सांगितलें. पण तें ध्वनिमुद्रण सहजीं मिळेना. मंडळांतील ॲन ड्रुयन ही स्त्री त्याचा शोध करीत राहिली, आणि न्यूयॉर्क येथील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानांत तिला त्या तबकडीच्या प्रती सांपडल्या. अवघें साडेतीन मिनिटांचें हें गाणें, म्हणजे आपलें पोस्टकार्डच ! तें ऐकतांना मोकळ्या, भरदार आकाराकडे व न डळमळणाऱ्या दमाकडे लक्ष द्यावें. स्वर उंच गेला तरी आवाज पातळ होत नाहीं. दोन्ही यानें निघाल्यावर थोड्याच दिवसांनीं, १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, केसरबाई निवर्तल्या. त्यांचा आवाज घेऊन निघालेलें पहिलें व्हॉयेजर २०१२ सालीं सूर्याचा प्रभाव जेथें संपतो ती सीमा ओलांडून ताऱ्यांमधील अवकाशांत शिरलें, व त्याच्या मागून दुसरें २०१८ सालीं.

या गोष्टींत आमच्या विद्यार्थ्यांनीं गायिकेबरोबर त्या सुचविणाऱ्याचाहि विचार करावा. गाणारी थोर होती. परंतु कोणीं तरी तें गाणें पूर्वीं मन लावून ऐकिलें होतें, तें ध्यानांत ठेविलें होतें, आणि विचारणारा आला तेव्हां नेमकें नांव सांगितलें. तो एक ऐकणारा नसता तर ती भैरवी दुकानांतल्या खोक्यांतच राहिली असती.

यावरून आम्हांस जे नियम सुचले ते असे. दुसऱ्यास ध्वनिमुद्रिका सुचवितांना गाणाराचें किंवा वाजविणाराचें नांव, राग अथवा कृति, आणि शक्य तर ध्वनिमुद्रणाचें साल, एवढें स्पष्ट सांगावें. वीस सुचवूं नयेत, एकच सुचवावी, व प्रथम लहान सुचवावी. ‘सर्वोत्कृष्ट’ हा शब्द टाळून “आम्हांस आवडली, कारण अमुक” असें म्हणावें. हें ‘कारण’ सांगतां आलें नाहीं तर आपणच ती आणखी एकदां ऐकावी. ऐकण्याजोगी एकच जागा दाखवावी, आणि बाकीचें ऐकणाराच्या कानांवर सोडावें. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, “मला नाहीं आवडली” असें म्हणण्याचा त्याचा हक्क मान्य करावा. त्यानेंहि तसें म्हणण्यापूर्वीं ती निदान तीन वेळां ऐकावी, एवढी मात्र अट घालावी. पहिल्या खेपेस नवखेपणाच ऐकूं येतो, दुसऱ्या खेपेस ओळख पटते, आणि आवड-नावड ठरते ती तिसऱ्या खेपेस.

पालकांस एक विनंति आहे. आठवड्यांतून एक दिवस, जेवणानंतर दहा मिनिटें, मोबाइल मुलाच्या कानांतून काढून सर्वांच्या मध्यें ठेवावा, व एकच ध्वनिमुद्रिका सर्वांनीं मिळून ऐकावी. घरांत आजीआजोबा असल्यास पहिली निवड त्यांस करूं द्यावी. त्यांच्या लहानपणची एखादी प्लेट त्यांस नक्कीच आठवत असेल, आणि तिच्याबरोबर त्या दिवसांची एखादी गोष्टहि निघेल. मागाहून परीक्षा घेऊं नये. मूल कांहीं न बोलतां उठून गेलें तरी चिंता करूं नये.

तो नववींतील मुलगा आतां शाळा सोडून गेला आहे. जाण्यापूर्वीं त्यानें आमच्या हातीं एक चिठ्ठी दिली. तिच्यावर सतारीच्या एका जुन्या ध्वनिमुद्रिकेचें नांव व साल होतें, आणि खालीं लिहिलें होतें, “सर, चौथ्या मिनिटापासून डाव्या हाताकडे लक्ष द्या. तीन वेळां ऐका.” आम्हीं ती दोन वेळां ऐकिली. अद्याप ती आम्हांस फारशी आवडलेली नाहीं, व तसें आम्हीं त्यास प्रामाणिकपणें कळविलें आहे. तिसरी खेप येत्या रविवारीं आहे.